उताऱ्याखालचे प्रश्न कोणाचे?

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक अपठित उतारा असतो. दीडशे-दोनशे शब्दांचा मजकूर आणि त्याखाली चार-पाच प्रश्न. उतारा कधी मधमाश्यांवर असतो, कधी हिमनद्यांवर, कधी व्याजदरावर, तर कधी एखाद्या चित्रकारावर. शाळेच्या चाचणीपासून लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेपर्यंत आणि प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यांच्या नेट परीक्षेपर्यंत हा उतारा आपल्या मुलामुलींच्या वाटेवर उभा असतो. त्याच्या सरावाची जाडजूड पुस्तके निघतात, क्लास चालतात, आणि वस्तीतला मुलगा उसनवारी करून ती पुस्तके मिळवतो.

साहित्य आणि समाज यांची चिकित्सा करणाऱ्या नियतकालिकात अशा किरकोळ मजकुराची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. कविता, कादंबरी, आत्मकथन यांतले प्रस्थापितपण आपण उघडे केले, क्रमिक पुस्तकांतले धडे तपासले. पण आपली बहुसंख्य मुले आयुष्यात जे इंग्रजी गद्य सर्वांत अधिक वाचतात, ते कोणत्याही लेखकाचे नसते. ते ह्या निनावी उताऱ्यांचे असते. त्यांना लेखक नसतो, काळ नसतो, भूमिका नसते, निदान तसा आव असतो. ज्या लेखनाला भूमिका नाही असे सांगितले जाते, त्याची भूमिका शोधणे हे समीक्षेचेच काम आहे.

एका वर्गातली गोष्ट सांगतो. एक उतारा होता. सुटीच्या दिवशी घरातली मुले दंगा करीत असतात, वडील आपल्या 'स्टडी'त बसलेले असतात, आणि मुलांना तिथे जायला मनाई असते. खाली प्रश्न होता : वडील कोठे बसले होते? चार पर्याय. एका मुलीने 'महाविद्यालयात' हा पर्याय निवडला. उत्तर चूक. तिला कारण विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सर, स्टडी म्हणजे अभ्यास. बाप माणूस, कामधंदा सोडून घरी अभ्यास कसा करील? रात्रीच्या कॉलेजात जात असेल."

ह्या उत्तरात चूक किती आणि आकलन किती? तिला शब्दाचा अर्थ ठाऊक होता. वाक्यातून निष्कर्ष काढण्याची रीत ठाऊक होती. आपल्या अनुभवाशी तो ताडून पाहण्याची बुद्धीही होती. नव्हती ती एकच गोष्ट : केवळ वाचण्या-लिहिण्यासाठी राखून ठेवलेली खोली असलेले घर तिने पाहिले नव्हते. तिच्या घरी एकाच खोलीत चूल, अंथरूण, आजारी आजी आणि तिची पुस्तके होती. परीक्षेने मोजली ती तिची वाचनशक्ती नव्हे, तिच्या घराच्या खोल्या मोजल्या. आणि गुणपत्रिकेत मात्र नोंद झाली ती 'इंग्रजी कच्चे' अशी. ही नोंद कागदावर राहत नाही. ती मुलीच्या मनात उतरते, आणि पुढे ती स्वतःच सांगू लागते की इंग्रजी आपल्या डोक्यात शिरत नाही.

हे केवळ भावनेने म्हणत नाही. १९७९ साली अमेरिकेत मार्गारेट स्टेफन्सेन, चित्रा जोगदेव आणि रिचर्ड अँडरसन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेत राहणाऱ्या काही भारतीयांना आणि काही अमेरिकनांना दोन पत्रे वाचायला दिली : एकात अमेरिकन लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात भारतीय लग्नाचे. प्रत्येक गटाने आपल्याकडच्या लग्नाचे पत्र जलद वाचले, त्यातले अधिक लक्षात ठेवले, आणि परक्या लग्नाचे पत्र वाचताना अर्थाची ओढाताण केली. अमेरिकन नवरीने आजीचा जुना पोशाख घातला, हा तिथे मानाचा रिवाज. भारतीय वाचकाला मात्र तो जुनाट, फॅशन गेलेला कपडा वाटला. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा मजकूर दिला. वाचनात कच्ची समजली जाणारी, पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे आकलन ही डोक्यात आधीच भरून ठेवलेली, सर्वत्र सारखी चालणारी शक्ती नाही. वाचणाऱ्याने काय पाहिले आहे, यावर ती फार अवलंबून असते.

ह्या पहिल्या प्रयोगालाही आपण एक प्रश्न विचारला पाहिजे. त्यात 'भारतीय' असा एकच गट होता. पण भारतीय लग्न म्हणजे कोणाचे लग्न? समजा, उताऱ्यात वाक्य आहे की वरातीबरोबर पोलीस चालत होते. निष्कर्ष काय? एक वाचक म्हणेल, लग्न मंत्र्याच्या घरचे असावे. दुसरा म्हणेल, नवरदेव आपला असावा आणि तो घोड्यावर बसला असावा. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून अशा वरातींवरील हल्ल्यांच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे दुसरे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. एकाच देशातले दोन वाचक, एकच वाक्य, आणि दोन अर्थ. उत्तरपत्रिकेत मात्र जागा एकाच पर्यायाला असते, आणि तो पर्याय कोणता हे उतारा रचणाराचे घर ठरवते.

सरकारी परीक्षेत ह्या गोष्टीने किती अनर्थ होऊ शकतो, हे आपण पाहिले आहे. २०११ साली संघ लोकसेवा आयोगाने नागरी सेवा पूर्वपरीक्षेत सीसॅट नावाचा ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा पेपर आणला. त्यात उताऱ्यांवरील प्रश्नांचा भार मोठा होता, आणि काही उतारे तर केवळ इंग्रजीच्या आकलनासाठी होते. ग्रामीण, भारतीय भाषांतून शिकलेल्या उमेदवारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. २०१४ मध्ये इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेसाठी न धरण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला, आणि २०१५ पासून हा पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता राहिला. ते आंदोलन योग्यच होते. पण त्या विजयानंतर आपण एक प्रश्न विचारायचा राहिलो : इंग्रजी उतारा हटला, पण इंग्रजी वाचता येण्याची आपली गरज हटली काय?

इथे आपल्याच काही मित्रांशी मतभेद नोंदवणे भाग आहे. एक गट म्हणतो, इंग्रजी ही मेकॉलेची भाषा, गुलामीची भाषा. उतारा पाठ करण्यापेक्षा मायबोलीत शिकवा. मायबोलीत शिकवा हे मान्य. पण १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणाचा हेतू मूठभरांचा दुभाषी वर्ग घडवण्याचा होता, आणि ती मूठ कोणाची होती हे जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले आहे. त्यांची तक्रार शिक्षण वरच्यांपाशीच अडते ही होती, इंग्रजी शिकू नका अशी नव्हती. सावित्रीबाईंनी तर १८५४ च्या 'काव्यफुले'तच इंग्रजी विद्येचे स्वागत केले. दुसरा गट म्हणतो, आमच्या मुलांना आमच्याच जीवनावरचे उतारे द्या, हिमनद्या आणि चित्रकार नकोत. हे ऐकायला बरे वाटते, पण त्यातही एक गावकूस आहे. आपल्या मुलांनी केवळ आपले दुःखच वाचावे, आणि रुपया, ग्रहगोल, धरणे, राज्यघटना दुसऱ्यांनी वाचावी, ही वाटणी आपण का पत्करायची? बाबासाहेबांनी १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिले, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर, १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावर, १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर. विषयांची ही विविधता म्हणजेच आपला वारसा आहे.

खरे तर उताऱ्याच्या सरावातली एक अट मला सर्वांत मोलाची वाटते : उत्तर केवळ उताऱ्याच्या आधारे द्या. ही अट वरवर पाहता आपल्या अनुभवाला तोंड बंद ठेवायला सांगते. पण तिची दुसरी बाजू पाहा. आपल्या समाजाला हजारो वर्षे सांगण्यात आले की पोथीत असे असे लिहिले आहे. पोथी वाचणारा एक, ऐकणारे बाकी सारे. कोठे लिहिले आहे, दाखवा, असे विचारण्याची मुभा ऐकणाऱ्याला नव्हती. ज्या दिवशी आपली मुलगी ओळीवर बोट ठेवून म्हणते, 'सर, तुम्ही म्हणता ते ह्या उताऱ्यात नाही', त्या दिवशी हजारो वर्षांचे नाते उलटते.

बाबासाहेबांनी हेच केले. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि जोतीराव फुल्यांना अर्पण केलेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते सांगतात की संस्कृतावर आपले प्रभुत्व नाही, पण हे वाङ्मय आपण १५ वर्षे इंग्रजी भाषांतरांतून अभ्यासले आहे. ह्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. देवभाषेचे दार बंद होते. ते ज्या भाषेतून उघडले ती इंग्रजी, आणि ज्या किल्लीने उघडले ती किल्ली म्हणजे शब्द न् शब्द वाचून आधार मागण्याची सवय. उताऱ्याखालच्या प्रश्नांनी जर काही शिकवायचे असेल तर ते हे.

ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ मध्ये बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्याआधी वाचता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी विम्याच्या व्यवहारातली कल्पना वापरली : हप्ते मध्येच थांबले तरी पॉलिसीची काही रक्कम हाती पडते, तसे शाळा अर्ध्यावर सुटली तरी हाती काय उरते ते पाहा. बोलण्याचा सराव सुटला की जातो, पण वाचता येऊ लागलेला माणूस एकटाही पुढे जाऊ शकतो. वेस्ट साम्राज्याचे नोकर होते, त्यांच्या पुस्तकांचा व्यापारही झाला. पण ज्या समाजातली मुले दहावीच्या आत ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात, त्या समाजाने हा हिशेब तरी आपला म्हणून घ्यावा. क्लासवाले आज फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवतात. वाचायला कोण शिकवते?

म्हणून अभ्यासवर्ग, वसतिगृहे आणि महाविद्यालये चालवणाऱ्या मित्रांपुढे काही गोष्टी ठेवतो.

पहिली : उतारा देण्याआधी त्या विषयावर पाच-दहा मिनिटे मराठीत बोलावे. हिमनदी, स्टडी, ओव्हरड्राफ्ट ह्या वस्तू वर्गात आधी आणाव्यात. न पाहिलेली गोष्ट ठाऊक नसणे ही लाज नव्हे, हे शिक्षकाने उघडपणे सांगावे. घड्याळ लावून सराव करायचा तो नंतर. आधीच घड्याळ लावले तर मुले वाचत नाहीत, पर्यायांतून अंदाज लावतात.

दुसरी : चुकीच्या उत्तराचे कारण विचारल्याशिवाय ते खोडू नये. वर सांगितलेल्या मुलीला मी तसेच खोडून टाकले असते, तर तिची बुद्धी मला कधीच दिसली नसती. आणि बरोबर उत्तरासाठीही ओळ दाखवायला लावावी.

तिसरी : निनावी उताऱ्यांबरोबर नाव असलेले गद्य द्यावे. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेखानी लेखन ह्यासाठी उत्तम आहे. साधी इंग्रजी वाक्ये, छोटे प्रसंग. १९२९ चा चाळीसगावचा प्रसंग घ्या. टांगा पुलावर अपघातात सापडतो तेथपर्यंतचा भाग द्यावा आणि विचारावे : टांगा हाकणारा इतका अननुभवी का असावा? वर्ग विचार करील, तर्क लढवील. मग पुढचा भाग द्यावा, ज्यात कळते की नेहमीच्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याला घेऊन जायला नकार दिला होता. निष्कर्षाचा प्रश्न म्हणजे काय, हे समजवायला ह्याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. शिवाय ह्या वर्गात क्वचितच घडणारी एक गोष्ट इथे घडते : ज्या मुलांना नेहमी उत्तरे येतात ती अडखळतात, आणि जी नेहमी गप्प बसतात ती बोलू लागतात.

चौथी आणि शेवटची : पाच प्रश्नांनंतर सहावा प्रश्न मुलांनी स्वतः तयार करावा. हा उतारा कोण बोलतो आहे? तो कोणाविषयी बोलत नाही? धरणावरच्या उताऱ्यात वीज किती, पाणी किती हे आहे. उठवलेली गावे किती, हे का नाही? पाच प्रश्नांची उत्तरे देऊन मुलगा परीक्षा पास होईल, आणि ते झालेच पाहिजे, त्याची भाकरी त्यावर आहे. पण ज्याला केवळ दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे देता येतात, तो उत्तम कारकून होतो, उत्तम अधिकारीही होतो, आणि कोणी सही करायला सांगितलेल्या कागदावर सही करतो. सहावा प्रश्न विचारणारा मात्र तो कागद आधी वाचतो.

त्या मुलीने वर्षअखेरीस असाच एक सहावा प्रश्न लिहून आणला होता, त्याच जुन्या उताऱ्यावर. मोडक्या इंग्रजीत, पण अर्थ स्वच्छ होता : वडिलांना बसायला खोली आहे, मग आईला का नाही? उतारा रचणाऱ्याला तो सुचला नव्हता. मलाही नव्हता.