ओळखीचा चेहरा

आमच्या ओटीवर मरियामातेची एक तसबीर होती. निळा झगा, सोनेरी केस, गोरापान चेहरा. तिच्यासमोर बसून आजी रोज संध्याकाळी रोझरी म्हणत असे. आजीचे लुगडे तांबडे, हात वाडीतल्या कामाने राठ झालेले. त्या दोघींत साम्य शोधावे असे आम्हां मुलांच्या मनात कधी आलेही नाही. पुढे कॉलेजात असताना साडी नेसलेल्या मरियेचे एक चित्र छापील पानावर पाहिले आणि मी चक्क हसलो. ते चित्र अँजेलो दा फोन्सेका यांचे होते. ज्या वेषात माझी आजी, आई आणि मावशी मला आदरणीय वाटत, त्याच वेषात देवमाता मला हास्यास्पद का वाटावी? हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो पडायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

आपल्या परिसरातील चित्रकारांना आणि छायाचित्रकारांना प्रेरणा कोठून मिळते, असे विचारले की ठरावीक उत्तरे येतात : समुद्र, माड, जुनी ख्रिस्तमंदिरे आणि श्रद्धा. ही उत्तरे खोटी नाहीत, परंतु अपुरी आहेत. समुद्र आणि माड सर्वांनाच दिसतात. श्रद्धाही पुष्कळांपाशी असते. चित्र मात्र एखाद्याच्याच हातून उतरते. असे का होते, हे तीन कलावंतांच्या आधारे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (1870–1935). गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच अध्यापन केले. त्यांची शैली सर्वस्वी युरोपीय. तैलरंगावर त्यांचे असे प्रभुत्व होते की ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ हे बिरुद त्यांना चिकटले. अशी बिरुदे गौरव करतात आणि कलावंताला दुसऱ्याच्या सावलीतही उभे करतात. त्रिंदादांची स्वतःची जागा शोधायची असेल, तर त्यांनी पैसे घेऊन केलेल्या व्यक्तिचित्रांपेक्षा घरच्या माणसांची चित्रे पाहावीत. पत्नी फ्लोरेंटिना आणि मुली यांना त्यांनी पुन्हापुन्हा रंगवले. तेथे तंत्र उसने असले तरी नजर उसनी नाही. त्यांची कन्या अँजेला हीसुद्धा चित्रकार झाली आणि तिने ख्रिस्ती विषय भारतीय वळणाने रंगवले. या कुटुंबाची चित्रे आज पणजीतील फुंदासांव ओरिएंत या संस्थेत जतन केलेली आहेत.

फोन्सेका यांची वाट अधिक खडतर होती. 1902 साली गोव्यातील सांत इस्तेव येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईत त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले, ते सोडले आणि कलाशाळेत आले. तेथील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणातही मन रमेना, म्हणून ते बंगालात गेले. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात त्यांची दृष्टी घडली. कागदावर पातळ जलरंगाचा एक हात द्यायचा, तो पाण्याने धुऊन मुरू द्यायचा आणि मग त्यावर दुसरा चढवायचा, ही बंगालची पद्धत त्यांनी आत्मसात केली. या पद्धतीत रंग कधी ओरडत नाहीत. ते कागदाच्या आतून उमलल्यासारखे वाटतात. प्रार्थनेच्या चित्राला याहून अनुरूप माध्यम क्वचितच सापडेल.

ही विद्या घेऊन ते गोव्यास परतले, तेव्हा स्वागत झाले नाही. साडीतली मरिया तेथील धार्मिक वर्तुळाला मानवली नाही. फोन्सेका पुण्यास आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढू लागले. हा आश्रम अँग्लिकन परंपरेतला. एका कॅथलिक चित्रकाराला आपल्या मरियेसाठी निवारा मिळाला तो दुसऱ्या पंथाच्या अंगणात, हे आपण विसरू नये. आपल्यांतही पाठीराखे होतेच. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी भारतीय शैलीतील ख्रिस्ती कलेला आणि फोन्सेका यांना उत्तेजन दिले. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात म्हटले की ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. तोवर फोन्सेका तीस वर्षे त्याच वाटेने चालत होते. 1967 साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

तथापि फोन्सेका यांचे मोठेपण केवळ मरियेला साडी नेसवण्यात आहे असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. वेष बदलणे सोपे असते. त्यांच्या काही चित्रांत तेवढेच घडले आहे, असे मला वाटते : तेथील स्त्रिया जुव्याच्या किंवा पुण्याच्या न वाटता अजिंठ्याच्या भिंतीवरून उतरून आल्यासारख्या दिसतात, सुंदर, पण कोणाच्याच नात्याच्या नव्हेत. 1951 साली आयव्ही यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरच्या अनेक मरिया-चित्रांत आयव्ही यांची चेहरेपट्टी ओळखू येते आणि चित्र बदलते. पदर तोच, रंग तेच. पण आता आपल्यासमोर एक विशिष्ट स्त्री असते, जिला चित्रकाराने रोज पाहिले आहे. नाझरेथची मरियासुद्धा कोणाची तरी शेजारीण होती, हे अशा चित्रापुढे उमजते. आयव्ही यांनी पतीची चित्रे जिवापाड जपली आणि पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपवली.

तिसरे नाव छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता (1956–2012) यांचे. ते जन्माने गोव्याचे नव्हते आणि ख्रिस्तीही नव्हते. परंतु गोव्यात त्यांचे वास्तव्य होते. ‘एज ऑफ फेथ’ हे त्यांचे पुस्तक 2009 साली प्रसिद्ध झाले. त्यात गोव्यातील कॅथलिक माणसांची कृष्णधवल छायाचित्रे आहेत. समुद्रकिनारा पाहायला सरावलेल्या डोळ्यांना येथे दिसतात ती घरे, वेदी, जुने लाकडी सामान आणि त्यांच्यामध्ये आपला मान राखून थांबलेली माणसे. रंग काढून टाकल्यामुळे गोव्याचे पर्यटकी रूप गळून पडते आणि चेहरा उरतो. आपला मनुष्य पाहायला शिकण्यासाठी बंगालला गेला आणि बंगाली मनुष्य येथे येऊन आपल्या घरात पाहत राहिला. म्हणजे ‘स्थानिक’ हा शब्द केवळ जन्मगावावरून ठरत नाही. ज्याने उंबऱ्याच्या आत बसून वेळ दिला, तो स्थानिक.

ही कसोटी आपल्या वसईला लावून पाहावी. अलीकडे आपल्याकडे तरुण छायाचित्रकारांची संख्या वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट. सणाच्या दिवशी तांबडे लुगडे नेसलेल्या आज्यांची छायाचित्रे घरोघर पोहोचतात. बुजत चाललेली बावखले आणि पाडली जाणारी कौलारू घरे टिपली जातात. हा दस्तऐवज मोलाचा आहे. परंतु अशी पुष्कळ छायाचित्रे पाहिल्यावर मनात शंका येते : आपण लुगडे पाहत आहोत की लुगड्यातली बाई? तिचे नाव काय, ती कशाने हसली, छायाचित्रकार गेल्यावर ती कोणत्या कामाला लागली, याची चाहूल चित्रात लागत नसेल तर ती केवळ वेषभूषा होय. सोनेरी केसांच्या मरियेच्या जागी आपण नुसते तांबडे लुगडे टांगले, तर भिंत बदलली, दृष्टी नाही.

आणि दोष केवळ कलावंतांचा नव्हे. आपल्या धर्मग्रामांत मूर्ती वा चित्र घ्यायचे झाले की आपण दुकानाच्या यादीकडे पाहतो. गावात कोणी चित्र काढणारा मुलगा वा मुलगी आहे का, हे विचारत नाही. फोन्सेकांना ज्यांनी नाकारले त्यांना नावे ठेवणे आज सोपे आहे. आपण निदान हसू नये.

आजी गेली तेव्हा तिचे एकही चांगले छायाचित्र घरात सापडले नाही. जे होते ते एका लग्नातले, गर्दीतले, अर्धवट पाठमोरे. ओटीवरची तसबीर मात्र अजून आहे. ती मी काढलेली नाही. आजीचे अर्धे आयुष्य तिच्याशी बोलण्यात गेले. फक्त तिच्या शेजारची जागा मी मोकळी ठेवली आहे. तेथे साजेल असा चेहरा आपल्याच गावात कोणीतरी रंगवील, अशी आशा आहे.