भिडे मास्तर आणि वागळे

कृष्णराजसागराच्या वाटेवरील बेळगोळ या गावी बदली होऊन आम्हांस तीन वर्षे झाली. गेल्या गणेशोत्सवात कचेरीतील वर्गणीचा हिशेब आम्ही पैपैशासह फळ्यावर लावला, तेव्हा एक कन्नड सहकारी मोठ्याने म्हणाले, "अहो, हे तर आपले एकमेव सेक्रेटरी, भिडेजी!" सारी कचेरी हसली. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र मनात आले की, आपण नेमके कशास हसलो?

'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली आणि तिने चार हजार भागांचा टप्पा ओलांडला. तारक मेहता यांनी गुजराती 'चित्रलेखा'त १९७१ पासून लिहिलेले सदर हा तिचा मूळ आधार. गोकुळधाम नावाच्या मुंबईतील वसाहतीत प्रत्येक प्रांताचे एकेक कुटुंब नांदते. महाराष्ट्राच्या वाट्यास आले आहेत ते रत्नागिरीचे आत्माराम तुकाराम भिडे. शिकवण्या घेणारे, जुन्या काळाचे गोडवे गाणारे, 'सखाराम' नावाच्या स्कूटरवर जीव टाकणारे आणि पैशाच्या बाबतीत हात आखडता ठेवणारे असे हे मास्तर. त्यांच्या पत्नी माधवी लोणची-पापड विकून संसारास हातभार लावतात. मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी यांनी हे दांपत्य इतक्या सहजतेने उभे केले आहे की, अभिनयाविषयी तक्रारीस जागाच नाही.

तक्रार आहे ती निवेदनाविषयी. मालिकेतील तारक मेहतांची भूमिका २०२२ पर्यंत शैलेश लोढा यांनी केली. हास्यकविसंमेलनांत एकट्याने श्रोत्यांना हसवण्याची कला अंगी मुरलेले हे गृहस्थ. प्रसंग संपला की ते प्रेक्षकांकडे वळतात, चार शब्द बोलतात आणि त्याचे तात्पर्य सांगतात. मंचावर एकटा उभा राहणारा विनोदकार स्वतःस शहाणा ठरवून इतरांचे नमुने दाखवू लागला, तरी तेवढ्या वेळापुरते ते शोभून जाते. तीच दृष्टी चार हजार भागांची झाली म्हणजे मात्र माणसे नमुनेच होऊन बसतात. भिडे एकदा काटकसरी ठरले की कायमचे काटकसरी. शिकवणीच्या मिळकतीवर घर चालवणाऱ्यास काटकसर का करावी लागते, हे त्यांना प्रेक्षकांस सांगता येत नाही. कारण प्रेक्षकांशी बोलण्याचा मान त्यांचा नव्हेच.

येथे आमच्या म्हैसूरच्या एका सुपुत्राचे स्मरण होते. १९२१ साली येथे जन्मलेल्या आर. के. लक्ष्मण यांनी 'वागळे की दुनिया' निर्माण केली आणि कुंदन शहा यांच्या दिग्दर्शनाखाली ती १९८८ साली दूरदर्शनवर आली. म्हैसूरचा व्यंगचित्रकार, आपल्याकडील आडनावाचा मुंबईकर कारकून, हिंदी भाषा, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे कलावंत: परप्रांतीयाने आपला माणूस रंगविल्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. वागळे भित्रा आहे, भोळा आहे, थोडा कंजूषही आहे. परंतु त्याची भीती आपणास आधी पटते, हसू मागाहून येते. लक्ष्मण यांचा चौकड्याच्या कोटातला सामान्य माणूस व्यंगचित्रांच्या कोपऱ्यात मुकाट्याने उभा असे. वागळ्याच्या घरातही त्यांनी तोच मुका साक्षीदार नेला आणि तात्पर्य प्रेक्षकांवर सोपविले.

यावर कोणी म्हणेल की, हलक्याफुलक्या करमणुकीकडून एवढी अपेक्षा कशास? भिडे प्रामाणिक आहेत, आदर्श शेजारी आहेत, मुले त्यांच्यावर प्रेम करतात, हे आम्हांस मान्य आहे. या मालिकेने देशभर मराठी घराविषयी आपुलकी निर्माण केली, हेही नाकारता येणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईची भाषा हिंदी असल्याचे एक वाक्य तिच्यात आले, तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ होऊन निर्मात्यास खुलासा करावा लागला. आमच्या मते तो रोष एका वाक्यापुरता होता. रोज रात्री दिसणाऱ्या साचेबंद मराठी माणसाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

तोडगा आपल्या साहित्यातच आहे. पाली भाषेचे पंडित चिं. वि. जोशी बडोद्यास, म्हणजे आपल्यासारखेच परप्रांती, नोकरी करीत असताना चिमणराव लिहीत होते. चिमणरावही कारकूनच, परंतु आपली फजिती तो स्वतः सांगतो. म्हणूनच पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने तो आला, तेव्हाही त्याला हसताना त्याचा मान कमी झाला नाही.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपणांस कोणी ना कोणी नाव ठेवणारच. त्याचा राग मानण्यापेक्षा आपली गोष्ट आपणच सांगावी, हे अधिक फलदायी. कचेरीतील त्या सहकाऱ्यांना दुसऱ्या दिवशी आम्ही चिमणरावाची एक फजिती मोडक्या कन्नडमध्ये ऐकविली. ते हसले, आणि मग त्यांनी आपल्या काकांची एक ऐकविली. वर्गणीचा हिशेब मात्र फळ्यावर तसाच आहे.