सॅबथ कारखान्यातून आला

२२ जुलै २०२५ रोजी 'ब्लॅक सॅबथ'चा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. त्यानंतर जे मृत्युलेख वाचले त्यांत मंचावर चावलेलं वटवाघूळ होतं, दारू होती, टीव्हीवर गाजलेलं कुटुंब होतं. कारखाना जवळजवळ कुठेच नव्हता. पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीत राहून, नाशिक फाट्यावर शिफ्टच्या बसगाड्यांची वर्दळ बघत ज्यानं वर्षानुवर्षं 'ब्लॅक सॅबथ' ऐकलं, त्याला हा अन्याय वाटतो.

ऑझी बर्मिंगहॅममधल्या ॲस्टनचा. ल्यूकसच्या कारखान्यात तो मोटारींचे हॉर्न कान लावून जुळवायचा, पुढे कत्तलखान्यातही राबला. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, प्रेस चालवणारं माणूस आलं नाही म्हणून त्याला प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. भाजलेल्या हाताच्या दोन बोटांवर गिटार वाजवणारा तो थोर वादक. मग आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममध्ये गिटार तीन पट्ट्या खाली उतरली. तारा सैल झाल्या, आवाज जड झाला.

आपल्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं गेलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. त्यांच्यापैकी कुणाला त्याच अल्बममधल्या 'इन्टू द व्हॉइड'ची सुरुवात ऐकवा. त्या संगीताचं वजन त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

पहिला अल्बम, फेब्रुवारी १९७०चा, जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. त्याच वर्षीचा 'पॅरानॉइड' सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून 'मास्टर' मोठा वाटतो आणि त्याचं निम्मं श्रेय बिल वॉर्डचं. वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला ड्रमर. तो ठेका किंचित मागे खेचतो, पुन्हा सोडतो. गीझर बटलरचा बेस त्या फटीत शिरतो. यंत्राच्या पुढ्यात उभ्या माणसाचा श्वास त्या ठेक्यात आहे. २०१३चा '१३' हा अल्बम वॉर्डशिवाय झाला आणि तिथे हा श्वासच हरवला: रिफ आयोमीचे, ठेका सरळ आखलेला. ५ जुलै २०२५ला व्हिला पार्कवरच्या शेवटच्या मैफलीत ऑझी सिंहासनावर बसून गायला, उभं राहणं त्याला जमत नव्हतं. पण वॉर्ड मागे बसला होता आणि सॅबथ पुन्हा सॅबथ वाटला.

त्याच मुलखातल्या 'जूडस प्रीस्ट'नं १९८०च्या 'ब्रिटिश स्टील'मध्ये काटे-चमच्यांचे ट्रे आपटून यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज काढला. तो आवाजही याच घराण्याचा. झेपलिन थोर खरे, पण दुसऱ्यांच्या गाण्यांच्या उधारीवर फार जगले. पिंक फ्लॉइड हॉस्टेलांना लखलाभ.

आता आपल्याकडे. मुंबईच्या 'रॉक मशीन'नं, पुढच्या 'इंडस क्रीड'नं, रॉकला इथे मंच मिळवून दिला; महेश तिनईकरची गिटार आजही मान डोलवायला लावते. पुण्याच्या 'अग्नी'नं कबीर गायला आणि गोड गायला. दिल्लीच्या 'ब्लडीवूड'नं ढोल आणला. जोर आहे, पण प्रत्येक ठोका संगणकाच्या चौकटीत बसवल्यासारखा वाटतो. आणि जे नवे मेटल बँड ऐकतो त्यांच्या इंग्रजी गाण्यांत राक्षस आहेत, प्रलय आहे, भूमिगत मंदिरं आहेत. पिंपरीपासून चाकणपर्यंत रात्रभर पत्रा वाकतो, आणि तो आवाज कानावर घेत वाढलेली पोरं गाण्यात नॉर्वेच्या बर्फात फिरतात!

यावर उत्तर येतं की मराठीत हे चालत नाही, भाषा मऊ पडते. हे मला मुळीच मान्य नाही. पोवाड्याची भाषा मऊ आहे? संबळ मऊ आहे? मुंबईच्या गिरणगावाकडे अण्णा भाऊ साठे होते, अमर शेख होते, गवाणकर होते. त्यांच्या लाल बावटा कलापथकानं कामगाराचं जगणं त्याच्याच बोलीत मंचावर आणलं ते १९४०च्या दशकात, स्वातंत्र्याच्याही आधी. पिंपरी-चिंचवडला मोटारी आल्या, स्कूटर आल्या, आकुर्डीला स्कूटर बनणं मधे काही वर्षं थांबलंसुद्धा. कायम कामगाराच्या जागी कंत्राटी पोरगा आला. या सगळ्याचं गाणं कुठे आहे? शाहिरीला ते पेललं असतं, पण इथल्या पोरांच्या हातात आज डफ नाही, गिटार आहे. मग त्यांनी गिटारवर ते करावं. शब्द शॉपफ्लोअरवर पडलेत: डाय, बर, रिजेक्शन, ओव्हरटाइम, गेटपास, ब्रेक. बटलर 'वॉर पिग्ज'च्या शब्दांत युद्धखोरांवर थेट बोलतो; आपला पोरगा ठेकेदारावर बोलायला का कचरतो? गिटार तीन पट्ट्या उतरवायला कुणाची परवानगी लागत नाही. गाताना आपल्या गल्लीचं नाव घ्यायलाही ती लागत नाही. पुढच्या महाविद्यालयीन बँड-स्पर्धेत इंग्रजी गाण्यालाच गुण देणाऱ्या परीक्षकांनी आधी एवढं मान्य करावं आणि मराठीत ओरडणाऱ्या पोराला पूर्ण वेळ मंच द्यावा.