डिलोरियनचें आख्यान

यशस्वी कारखानदाराचें चरित्र लिहिणें फारसें अवघड नसतें. बुडालेल्याचें लिहितांना मात्र लेखकाची कसोटी लागते. कारण त्याच्याबरोबर आणखी कोण बुडालें, हें सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. जॉन डिलोरियन या अमेरिकन मोटारकर्त्याच्या कथेवर निघालेले दोन बोलपट, निक हॅम यांचा ‘ड्रिव्हन’ (२०१८) आणि डॉन आर्गॉट व शीना जॉइस यांचा ‘फ्रेमिंग जॉन डिलोरियन’ (२०१९), आम्हीं याच कसोटीवर पाहिले.

कथा थोडक्यांत अशी. डिलोरियन यांनीं १९७३ सालीं जनरल मोटर्समधील मोठा अधिकार सोडला व १९७५ त स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या मोटारीची आकृति इटलीच्या जुजारोंची. अंग न रंगविलेल्या, न गंजणाऱ्या पोलादाचें. दारें पक्ष्याच्या पंखांसारखीं वर उघडणारीं. पण आंतील यंत्र अवघें १३० अश्वशक्तीचें. शर्यतीच्या या थाटाला तें तोकडेंच पडे. ‘डीएमसी-१२’ या नांवांतील बारा म्हणजे संकल्पित किंमतीचे बारा हजार डॉलर. मोटार बाजारांत आली ती पंचवीस हजारांना. मुखपृष्ठ एक आणि ग्रंथ दुसरा, असा हा प्रकार होता.

कारखाना निघाला बेलफास्टजवळ डनमरी येथें. दंगलींनीं व बेकारीनें गांजलेल्या त्या भागांत ब्रिटिश सरकारनें साडेसात कोटींहून अधिक पौंड ओतले. कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट कामगार तेथें एकत्र राबूं लागले. त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरांत गेली. १९८१ त मोटारी बाहेर पडूं लागल्या. पण खप मंदावला असतांही उत्पादन वाढविण्यांत आलें, आणि फेब्रुवारी १९८२ मध्यें कंपनीवर रिसीव्हर बसला. एकूण मोटारी सुमारें नऊ हजार. १९ ऑक्टोबर १९८२ रोजीं सरकारनें कारखाना बंद होत असल्याचें जाहीर केलें. त्याच दिवशीं डिलोरियन यांस अंमली पदार्थांच्या आरोपावरून लॉस एंजलिस येथें अटक झाली.

एकाच दिवसाच्या या दोन वार्तांपैकीं बोलपटांनीं कोणती उचलली? हॅम हे स्वतः उत्तर आयर्लंडचे. तरी त्यांनीं सारी कथा सरकारी खबऱ्याच्या नजरेनें रंगविली. ती चुरचुरीत झाली आहे, पण डनमरी तिच्यापासून दूर राहते. दुसऱ्या बोलपटांत जुनीं चित्रें, मुलाखती व नाट्यप्रवेश यांची गुंफण आहे. ॲलेक बाल्डविन भूमिका करतां करतां त्या माणसाविषयीं आपले विचारही बोलून दाखवितात. ही योजना आम्हांस आवडली. तथापि हा माणूस द्रष्टा कीं ठक, याच प्रश्नाभोंवतीं ती फिरते. १९८४ त ज्यूरीनें डिलोरियन यांस निर्दोष ठरविलें. त्या खटल्याचा निकाल लागला. कामगारांच्या तुटलेल्या संसारांचा खटला मात्र कोणत्याच न्यायासनापुढें चालला नाहीं. तो कलेपुढें तरी चालावा, ही अपेक्षा गैर म्हणतां येईल काय?

१९८५ च्या ‘बॅक टु द फ्युचर’ने याच मोटारीला कालयंत्र करून अमर केलें. नायकाला गतकाळांत नेणाऱ्या त्या यंत्राची लोकप्रियता पाहून आम्हांस एकच वाटतें: पुढील आख्यात्यानें कथेचा आरंभ न्यायालयाच्या पायरीवरून न करतां कारखान्याच्या फाटकापासून करावा.