न्याय आणि अधिकार : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

नैतिक मत असणे आणि ते दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली प्रत्येक विचारी माणसाला सहज प्राप्त आहे. दुसरी सिद्ध करावी लागते. १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे मर्म या भेदात आहे. लीला बेणारेविषयी वाटणारी करुणा तिला निर्दोष ठरविण्याकडे झुकते. नाटक मात्र तिचा न्याय करणारे हे लोक कोण, हा अधिक मूलगामी प्रश्न विचारते.

एका गावात रात्री अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करावयास हौशी मंडळी आली आहेत. त्या प्रयोगातील आरोपी आहेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आणि आरोप आहे अण्वस्त्रांचा. वेळ घालविण्यासाठी एक लटका खटला उभा राहतो व बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. ज्यांचा शब्द जॉन्सनपर्यंत कधीच पोहोचणार नव्हता, त्यांना आपल्या शब्दाने घायाळ होणारा आरोपी येथे प्रथमच सापडतो. अयशस्वी वकील सुखात्मे, परीक्षेत नापास झालेला पोंक्षे, पत्नीला पदोपदी गप्प करणारे काशीकर — या साऱ्यांचा नीतीविषयक आवेश त्यांच्या वैफल्यातून उगवलेला आहे.

तथापि दांभिकतेचे दर्शन घडविणे एवढाच नाटकाचा हेतू मानला, तर न्यायाधीश निष्कलंक असते तर निवाडा योग्य ठरला असता काय, हा प्रश्न अनुत्तरित राहील. त्याचे उत्तर खटल्याच्या कार्यपद्धतीत आहे. सामंताची साक्ष वाचनातल्या कादंबरीतून येते. विश्वासाने सांगितलेले पुरावा म्हणून उघड केले जाते. न्यायाधीशच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातो. बेणारेच्या गर्भाचा पिता प्रा. दामले अनुपस्थित, आणि आरोपी मात्र ती एकटीच! अखेरीस भ्रूणहत्येच्या आरोपाखाली उभ्या केलेल्या स्त्रीला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा होते. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा होण्यापूर्वी भारतीय दंडविधानानुसार मातेचा जीव वाचविण्याव्यतिरिक्त गर्भपात करविणे हा गुन्हाच होता. म्हणजे ज्या कृत्याचा दोष द्यायचा, त्याचीच आज्ञा हे न्यायासन देते. लादलेल्या नीतीला नीतीशी सुसंगत राहण्याचीही गरज उरत नाही, हेच येथे प्रत्ययास येते.

यावर एक आक्षेप संभवतो. बेणारे स्वतःचे जीवन स्वतःचे मानते. मग मुलाला पित्याचे नाव मिळावे म्हणून ती पोंक्षे आणि रोकडे यांना विवाहाविषयी का विचारते? ही विसंगती खरी आहे. पण तिच्यातच नाटककाराची प्रामाणिकता आहे. व्यक्तिस्वातंत्र्य पोकळीत नांदत नाही. येणाऱ्या जीवाची जबाबदारी बेणारे ओळखते, आणि ती पार पाडण्याचे मार्ग समाजाने आधीच बंद केलेले असतात. जबाबदारीची जाणीव आरोपीजवळ आहे. ती न्यायाधीशांपैकी कोणाजवळही नाही.

म्हणूनच तिच्या दीर्घ स्वगताची योजना अर्थपूर्ण ठरते. तिला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. ती बोलते तेव्हा इतर पात्रे निश्चल असतात आणि वेळ संपताच जणू ती काहीच बोलली नाही असे खटला पुढे चालतो. प्रेक्षकाने मात्र ते सारे ऐकलेले असते. अधिकार नसलेल्या न्यायासनाविरुद्ध नाटकाने केलेले अपील त्याच्यापुढे आहे. निकाल देण्यापूर्वी आपला अधिकार तपासण्याचे बंधन आता त्याच्यावरही येते.