'साभार पोच'च्या पलीकडे : व्हिडिओ गेम-समीक्षा आणि मुक्त लेखकाचे स्वातंत्र्य

प्रस्तावना :

मराठी नियतकालिकांत पुस्तक-परीक्षणाची एक रूढ पद्धत आहे. लेखक अथवा प्रकाशक 'अभिप्रायार्थ' प्रती पाठवितो. संपादक त्यांतील काही पुस्तकांवर परीक्षण लिहवून घेतो आणि उरलेल्यांची नोंद 'साभार पोच' या सदरात होते. पोच ही सौजन्याची बाब असते, तर परीक्षण ही मूल्यनिर्णयाची. व्हिडिओ गेमविषयक संकेतस्थळांसाठी होणारे मुक्त लेखन आज या दोहोंच्या सीमारेषेवर उभे आहे. खेळाची प्रत बहुधा निर्मात्याकडून मिळते, लेख ठरलेल्या वेळी द्यावयाचा असतो आणि मानधन लेखागणिक मिळते. अशा स्थितीत जे लिहिले जाते ती समीक्षा ठरते की लांबविलेली साभार पोच, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. पुण्यात निर्माण झालेल्या 'राजी : ॲन एन्शंट एपिक' या खेळाच्या आधारे त्याचा येथे विचार केला आहे.

खेळ ही संहिता :

एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात अशा संहितांचा विचार मांडला, की ज्यांतून वाट काढण्यासाठी वाचकाला केवळ वाचन पुरत नाही, प्रत्यक्ष कृती करावी लागते. इयान बोगोस्ट यांनी 'पर्स्वेसिव्ह गेम्स' (२००७) मध्ये खेळाचे नियमच एक प्रकारचे प्रतिपादन करीत असतात, असे दाखविले. यावरून खेळाच्या समीक्षकाचे काम किती वेगळे आहे, हे ध्यानात येते. कथानक, चित्रकला आणि संगीत यांचे वर्णन केल्याने खेळाची समीक्षा पूर्ण होत नाही. नियम खेळाडूकडून काय करवून घेतात आणि त्या कृतीतून कोणता अर्थ निष्पन्न होतो, हे तिला सांगावे लागते. त्यासाठी खेळ पूर्ण खेळावा लागतो, क्वचित दोनदाही. समीक्षेची ही पूर्वअट आणि मुक्त लेखनाचे अर्थकारण यांतच पहिला विरोध आहे.

गुणांकन आणि दडपण :

लेखागणिक मानधन घेणारा लेखक एखादा दीर्घ खेळ जितका अधिक वेळ खेळेल, तितका त्याच्या प्रत्येक तासाचा मोबदला घटतो. सखोलतेची किंमत लेखकच भरतो. त्यातच बहुतेक संकेतस्थळे लेखाच्या शेवटी गुण देतात आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या मेटाक्रिटिकसारख्या ठिकाणी या गुणांची सरासरी काढली जाते. 'फॉलआउट : न्यू व्हेगास' (२०१०) या खेळाला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले असते तर त्याच्या निर्मात्या संस्थेस अधिलाभांश मिळणार होता, प्रत्यक्षात ८४ मिळाले आणि तो हुकला, असे खेळाच्या एका ज्येष्ठ रचनाकाराने २०१२ मध्ये जाहीर केले. समीक्षकाचा एक अंक अशा रीतीने इतरांच्या मिळकतीशी जोडला गेला, की त्याचा मूल्यनिर्णय केवळ साहित्यिक राहत नाही.

जाहिरातदाराचे दडपण हा याचाच दुसरा पैलू होय. नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉटचे संपादक जेफ गर्स्टमन यांना 'केन अँड लिंच : डेड मेन'वरील प्रतिकूल परीक्षणानंतर नोकरी गमवावी लागली. त्यावेळी त्याच संकेतस्थळावर त्या खेळाची मोठी जाहिरात झळकत होती. गुणांकनावरून जाहिराती काढून घेण्याची भाषा होत असल्याचे त्यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. गर्स्टमन हे पगारी आणि अनुभवी संपादक होते. मुक्त लेखकाला काढून टाकण्याचीही गरज भासत नाही. त्याला पुढचे काम दिले नाही की पुरे. म्हणूनच त्याच्यावरील दडपण बाहेरून दिसत नाही. ते लेखातील विशेषणांत उतरते.

'राजी' : परीक्षण आणि समीक्षा :

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी'साठी २०१७ मध्ये केलेला लोकवर्गणीचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. तरीही २०२० मध्ये खेळ प्रकाशित झाला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळाच्या नामांकनांत त्याचा समावेश झाला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी असून असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाचा ती शोध घेते. दुर्गा आणि विष्णू हे तिच्या प्रवासाचे निवेदक आहेत.

पाश्चात्त्य संकेतस्थळांवरील परीक्षणांत खेळाचे दृश्यरूप वाखाणले गेले, तर अल्प लांबी आणि अचानक होणारा शेवट यांवर बोट ठेवले गेले. हे आक्षेप ग्राह्यच आहेत. तथापि, ग्राहकाने खेळ विकत घ्यावा की नाही, याचे उत्तर देऊन ही परीक्षणे थांबतात. खेळात वाटेवर भित्तिचित्रे येतात आणि देवतांच्या कथा त्यांच्या आधारे सांगितल्या जातात. काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत येतात. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्याला परिचित आहे, त्या समीक्षकाला येथे वेगळा प्रश्न पडेल. 'राजी'ची चित्रशैली राजस्थानी आणि पहाडी परंपरेकडे झुकते, त्यामुळे पिंगुळीचा प्रभाव शोधण्याचे कारण नाही. प्रश्न निवेदनाच्या रीतीचा आहे. चित्रकथीत निवेदक चित्र पुढे धरतो आणि श्रोता थांबतो. 'राजी'त खेळाडू चित्रापाशी थांबला तरच कथा उलगडते. तो धावत पुढे गेला तर परंपरा मागे राहते. श्रवणाचा अधिकार येथे निवेदकाकडून श्रोत्याकडे सरकतो. याउलट, खांबाला गिरकी घेऊन आणि भिंतीवर धावून राजी जो प्रहार करते, त्यात तिचे सर्कशीतील कसब आणि खेळाचा नियम एकरूप होतात. व्यक्तिरेखा येथे कृतीतून सिद्ध होते. गुणांकनाच्या चौकटीत अशा निरीक्षणांना जागा मिळत नाही. 'साभार पोच' आणि समीक्षा यांतील अंतर नेमके हेच आहे.

लेखकाचा हक्क :

कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार लेखनाचा प्रथम स्वामी सामान्यतः लेखक असतो. नोकरीच्या करारान्वये केलेले लेखन हा त्यास महत्त्वाचा अपवाद. मुक्त लेखक नोकर नसल्याने त्याचा हक्क लेखी हस्तांतरणाशिवाय जात नाही. कलम १९ प्रमाणे हस्तांतरणात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. कलम ५७ लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेस बाधक अशा मोडतोडीस हरकत घेण्याचा अधिकार देते. या तरतुदी ठाऊक नसलेला तरुण सर्व हक्क कायमचे देणाऱ्या मसुद्यावर सहज सही करतो. शिवाय २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांबरोबरच त्यांच्या जाहिरातींनाही मनाई केली आहे. लेखाच्या वेशातील जाहिरात ही त्यामुळे आता केवळ नैतिक बाब उरलेली नाही.

लोणखेड्यातून पाहताना :

लोणखेडा ज्या शहादा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. अंकीय व्यवहाराची अशी सुरुवात पाहिलेल्या या परिसरातील पदवीधराला घरबसल्या लेखनाचे काम मिळणे आज अशक्य राहिलेले नाही. भिली, पावरी, अहिराणी, गुजरी अशा बोली कानांवर घेत वाढलेल्या विद्यार्थ्यापाशी कथनपद्धतींची जी श्रीमंती आहे, ती महानगरातील परीक्षकापाशी सहसा नसते. मात्र हे भांडवल समीक्षेत उतरविण्याचे शिक्षण त्याला मिळाले नाही, तर तो इतरांची विशेषणे स्वस्तात पुरविणारा मजूर ठरेल. मराठी विभागांनी उपयोजित लेखनाच्या अभ्यासात खेळ-समीक्षेचा समावेश करावा आणि त्याबरोबर करारवाचनही शिकवावे, अशी अपेक्षा यातून पुढे येते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की खेळ-समीक्षेचा दर्जा केवळ समीक्षकाच्या व्यासंगावर अवलंबून नाही. वेळ, मानधन, गुणांकन आणि करार या चार गोष्टी तिचे स्वरूप आधीच ठरवीत असतात. प्रत विनामूल्य मिळाली म्हणून मत विनामूल्य द्यावयाचे नसते, हा संस्कार मराठी परीक्षण-परंपरेने पुस्तकांच्या संदर्भात केला. तो खेळांच्या क्षेत्रात नेण्याची जबाबदारी भाषेच्या अध्यापकांवर आहे.