संवादी नकाशा आणि डॅशबोर्ड : कोविडकालीन दोन प्रयोगांची चिकित्सा

बीजसंज्ञा : संवादी नकाशा, डॅशबोर्ड, क्षेत्रघनी पद्धत, प्रमाणबद्ध वर्तुळ, कोविड-१९

प्रस्तावना

कोणताही नकाशा काढताना काय दाखवावे आणि काय गाळावे याची निवड करावीच लागते. मार्क मॉन्मोनियर यांनी ‘हाउ टु लाय विथ मॅप्स’ (१९९१) या ग्रंथात या निवडीतून निर्माण होणाऱ्या दिशाभुलीची विस्तृत चिकित्सा केली आहे. छापील नकाशात ही निवड सर्वस्वी नकाशाकाराची असे. संवादी नकाशात तिचा काही अंश वाचकाच्या हाती येतो. नकाशा लहानमोठा करता येतो, एखाद्या प्रदेशावर बोट ठेवताच त्याचा तक्ता व आलेख शेजारी उमटतो. नकाशा, तक्ता आणि आलेख एकाच पडद्यावर परस्परांशी जोडून मांडणाऱ्या या फलकास डॅशबोर्ड म्हणतात. अशा नकाशांची ‘सर्जनशील’ म्हणून जी प्रशंसा होते ती बहुधा त्यांच्या हालचालीची व रंगसंगतीची असते. ही कसोटी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असून त्यासाठी कोविड-१९ च्या काळातील दोन डॅशबोर्ड विचारात घेतले आहेत.

लाल वर्तुळांचा नकाशा

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राध्यापिका लॉरेन गार्डनर आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी एनशेंग दोंग यांनी तयार केलेला डॅशबोर्ड २२ जानेवारी २०२० रोजी खुला झाला व १० मार्च २०२३ रोजी त्यातील माहितीसंकलन थांबले. काळ्या पार्श्वभूमीवरील जगाचा नकाशा, त्यावर बाधितांच्या संख्येनुसार वाढणारी लाल वर्तुळे आणि बाजूला देशांची यादी, अशी त्याची मांडणी होती. त्यामागील संपूर्ण आधारसामग्री सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली, हे या प्रकल्पाचे थोर कार्य होय. त्याविषयी दुमत संभवत नाही. नकाशाविषयी मात्र आहे.

भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये आढळला. त्या काळात या नकाशात संपूर्ण भारतासाठी एकच बिंदू होता व तो देशाच्या ढोबळ मध्याशी, म्हणजे विदर्भाच्या परिसरात होता. रुग्ण केरळात आणि वर्तुळ विदर्भात! महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात आढळले, तोवर हे वर्तुळ कित्येक आठवडे विदर्भावर होते. नकाशा स्थान सांगतो असा वाचकाचा विश्वास असतो, आणि तोच येथे अनाठायी ठरत होता. पुढे अमेरिकेची माहिती काउंटीनिहाय व भारताची राज्यनिहाय देण्यात येऊ लागली. त्यामुळे एका देशावर शेकडो लहान वर्तुळांची दाटी झाली, तर दुसऱ्यावर मोजकी मोठी वर्तुळे दिसू लागली. हा फरक रोगाचा नव्हे, माहितीच्या एककाचा होता. पाहणाऱ्यास तो फरक कळण्याची सोय नकाशात नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२० व २०२१ मध्ये पान उघडताच दिसणारी वर्तुळे आरंभापासूनच्या एकूण बाधितांची होती. एकूण संख्या कधीच घटत नाही, म्हणून साथ ओसरली तरी वर्तुळ लहान होत नसे. लोकसंख्येच्या प्रमाणातील आकडे पाहण्याची सोय नंतर झाली, परंतु ती एक कळ दाबल्यावर मिळणारी होती. संवादी नकाशात वाचकाला स्वातंत्र्य असते हे खरे, तथापि बहुतेक वाचक प्रथमदर्शनी चित्रावरच थांबतात. त्या चित्राची निवड हाच अशा नकाशाचा खरा युक्तिवाद ठरतो. ज्या एस्री कंपनीच्या प्रणालीवर हा डॅशबोर्ड उभा होता, तेथीलच नकाशातज्ज्ञ केनेथ फील्ड यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये लाल रंगाच्या भीतिदायक परिणामाबाबत सावध केले होते, हे येथे नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही.

या संदर्भात जॉन स्नो यांच्या लंडनमधील सोहो भागाच्या १८५४ च्या कॉलरा-नकाशाचे स्मरण होते. त्यात प्रत्येक मृत्यूसाठी घराशी एक आडवी रेघ होती आणि पाण्याचे पंपही दाखविले होते. रोग व त्याचे संभाव्य कारण एकाच पृष्ठावर आल्याने त्यांचा संबंध डोळ्यांना दिसत होता. लाल वर्तुळांच्या शेजारी असे दुसरे काहीच नव्हते.

जिल्ह्यांचा नकाशा

‘कोविड१९इंडिया’ हा डॅशबोर्ड मार्च २०२० ते ३१ ऑक्टोबर २०२१ या काळात स्वयंसेवकांनी चालविला. राज्यांच्या दैनंदिन पत्रकांतून आकडे जमविले जात. तक्त्यातील राज्यावर जाताच नकाशातील राज्य उजळे, आणि राज्यातून जिल्ह्यात उतरता येई. बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये मांडलेला क्रम, म्हणजे आधी समग्र दर्शन, मग निवड व शेवटी मागितल्यावर तपशील, येथे सहजपणे पाळलेला दिसतो. क्षेत्रघनी छटा व वर्तुळे या दोन पद्धतींत अदलाबदल करण्याची सोय हे त्याचे विशेष वैशिष्ट्य होते.

या अदलाबदलीचे महत्त्व महाराष्ट्रावरून स्पष्ट होते. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, तर मुंबई शहर व उपनगर यांचे मिळून सुमारे ६०३ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या सुमारे १०.७ लाख आणि मुंबईची सुमारे १.२४ कोटी होती. म्हणजे क्षेत्रघनी नकाशात गडचिरोलीला मुंबईच्या जवळजवळ चोवीसपट रंग मिळतो, माणसे मात्र बाराव्या हिश्श्याहून थोडीच अधिक. राज्याच्या नकाशात मुंबई जेमतेम ठिपक्याएवढी उरते. वर्तुळांकडे वळताच हे पारडे फिरते. दोन्ही चित्रे एकाच आकड्यांची असून वाचकाला त्यांतील अंतर स्वतः अनुभवता येते. संवादी नकाशाची सर्जनशीलता म्हणतात ती येथे आढळते. शाळेत भूगोलाच्या तासाला क्षेत्रघनी व टिंब पद्धतींची तुलना शब्दांत शिकविली जाते, ती येथे एका कळीत घडते.

याच डॅशबोर्डची आणखी एक गोष्ट फारशी वाखाणली गेली नाही. ज्या रुग्णांचा जिल्हा पत्रकातून कळत नसे, त्यांची नोंद ‘अज्ञात’ या सदराखाली ठेवली जाई. ते आकडे कोठल्याही जिल्ह्याच्या माथी मारले जात नसत. नकाशावर या सदराला जागा नसते, म्हणून ते तक्त्यात राही. आपल्या आधारसामग्रीतील पोकळी अशा रीतीने जाहीरपणे मांडणे हे कोणत्याही रंगयोजनेहून मोलाचे आहे.

न दिसणारे मृत्यू

दोन्ही डॅशबोर्डांनी दाखविले ते नोंदलेले रुग्ण व नोंदलेले मृत्यू. कमी चाचण्या करणारा प्रदेश नकाशावर निरोगी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या दोन वर्षांतील भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख असा दिला. अधिकृत नोंद २०२१ च्या अखेरपर्यंत ४.८ लाखांच्या आसपास होती. भारत सरकारने या अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि तो वाद कायम राहिला. अंदाज वादग्रस्त मानला तरी इतक्या मोठ्या तफावतीची शक्यता दर्शविणारी एखादी फिकट कडा, तुटक रेषा वा दुसरे वर्तुळ नोंदलेल्या मृत्यूंच्या वर्तुळाभोवती काढणे तंत्रदृष्ट्या अवघड नव्हते. नकाशाशास्त्रात अनिश्चितता दाखविण्याची अशी चिन्हे पूर्वीपासून उपलब्ध आहेत. असंख्य लोक ज्या वर्तुळांकडे पाहत होते, त्यांची कडा अखेरपर्यंत ठळकच राहिली.